आठ प्लग

चार सिलिंडर, आणि प्लग मात्र आठ.
ही जपानी फिट घेताना कुणी सांगितलं नव्हतं.
पुढचे चार हाताशी येतात.
मागचे चार काचेखालच्या काळोखात,
वायपरचं झाकण काढून, मनगट मुरडून,
बोटांच्या टोकांनीच बघावे लागतात.
शनिवार गेला. डाव्या हाताचं साल गेलं.
आठही बदलले, एअर फिल्टर बदलला,
जुनं ऑइल डब्यात भरून कोठारामागे ठेवलं
आणि किल्ली फिरवली.

पिवळा दिवा.

काल गाडी खोकत होती, पण दिवा नव्हता.
आज खोकला गेला, थरथर आली, वर हा दिवा.
हात दाखवून अवलक्षण.

येकातेरिनबुर्गहून नवऱ्याचा फोन:
"तुला कुणी सांगितलं होतं?"
मी म्हटलं, गॅरेजवाला सहा हजार मागत होता.
तो गप्प. मागे त्याच्या साइटवरची क्रेन करकरत होती.
"बॅटरीची तार काढ. दहा मिनिटं थांब."
काढली. थांबले. दिवा गेला.
पोस्टापर्यंत गेले, तर परत हजर,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा,
काही न बोलता.

गाडीचं पुस्तक जपानीत.
चित्रं तेवढी कळतात:
एक माणूस दोन्ही हात वर करून दिव्याकडे बघतोय.
हा माणूस माझ्या ओळखीचा.

कोपऱ्यावरचा एरमेक यंत्र लावून कोड वाचतो, दोनशे सोम.
"हवा जास्त, पेट्रोल कमी," म्हणाला.
"सेन्सर असेल. नाहीतर पंप. नाहीतर पेट्रोलच भेसळीचं."
दोनशे सोमात तीन संशय.

सासरे, तोलोगोन, बाक घेऊन बॉनेटपाशी बसले.
बार्स्कूनच्या सामूहिक शेतीचे सगळे ट्रॅक्टर
एके काळी त्यांच्या हाताखालचे.
तेव्हा दिवे नव्हते.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
की घोडं कुठं पेंड खातंय ते बरोब्बर कळायचं.
आताही त्यांनी मूठ कानाला लावली.
बराच वेळ.
मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.
दोन्ही कान जाऊन हे सहावं वर्ष.

सासूबाईंचं निदान वेगळं:
नव्या प्लगांना दृष्ट लागली.
जुन्या तव्यात अर्चाच्या वाळक्या डहाळ्या पेटवून
त्या गाडीभोवती फिरू लागल्या, आलास, आलास म्हणत.
"पेट्रोलजवळ विस्तव नको!" मी ओरडले.
सासऱ्यांना ऐकू आलं नाही.
सासूबाईंनी ऐकलं नाही.

इंजिन चालूच होतं, थरथरत.
चाकांवरून, दारांवरून धूर बॉनेटखाली आला,
निळा, आळशी, वर निघायच्या बेतात,
आणि फिल्टरच्या डब्यामागे पोचताच
वाकला.
बारीक झाला, दोरा झाला,
नेढ्यात ओवावा तसा कुठेतरी आत गेला.

सासरे उठले. बोट दाखवलं.
त्या बोटाएवढीच जाड रबरी नळी,
एक टोक सुटलेलं.
शनिवारी मीच उपसली होती, वाट अडवते म्हणून,
आणि मागचे चार जिंकल्याच्या भरात विसरले.
बसवली. क्लिप दाबली.
बुजलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवावा
तशी थरथर उतरली.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या.
"बघितलंस?" सासरे म्हणाले.
दोघं वेगवेगळं दाखवत होते.
मी दोघांनाही हो म्हटलं.

दिवा मात्र तसाच.
एरमेकला आणखी दोनशे द्यायचे नव्हते.
वाळल्या जर्दाळूंची पोती घालून बालिक्चीच्या बाजाराला निघाले,
उजव्या हाताला वाटभर सरोवर.
सोमवारी होता. बुधवारी होता.
शुक्रवारी बाजारात सुट्टे मोजताना आठवलं,
सकाळपासून त्याच्याकडे पाहिलंच नाही.
धावत जाऊन किल्ली फिरवली:
सगळे दिवे एकदम लागले, रोजच्यासारखे,
आणि इंजिन धरताच विझले.
तोही.

रात्री नवऱ्याने विचारलं, खर्च किती आला?
म्हटलं, एक मूठ अर्चा.
तो हसला असावा.
मला फक्त क्रेन ऐकू आली.